वॉल्टरचा ग्लास

गाईडबाईंनी वेशीच्या कमानीखाली आमची डोकी मोजली आणि माझ्यापाशी येऊन थांबल्या. तुमच्याबरोबर कोण, असं त्यांनी हसून विचारलं. कोणी नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्या मागे एकदा डोकावून घेतलं, कोणी रेंगाळत येत असेल तर. मग त्यांनी मला आपल्याच शेजारी उभं केलं. बाकी सगळे जोडीने आले होते. ऑस्ट्रेलियाची दोन जोडपी, एक मायलेकी आणि हातात हात घातलेले दोन तरुण. आणि मी, सांगलीची मालिनी शिराळकर, साडीवर मुलाचा ढगळ रेनकोट आणि पायात त्याचेच लोकरी मोजे.

तेव्हा मी सासष्ट वर्षांची होते आणि दारूच्या दुकानाची पायरी कधी चढले नव्हते. आमच्या घरात ते खातंच नव्हतं. आमचे हे खोकल्याचं औषध घेतानासुद्धा त्यात काय काय आहे ते बाटलीवर वाचून बघायचे. आणि आता मी यॉर्क नावाच्या जुन्या गावात, पाटी हातात धरलेल्या एका उंच बाईच्या मागून, पबमधून पबमध्ये फिरायला निघाले होते.

हे सगळं हृषीचं डोकं. हृषीकेश, माझा एकुलता एक. तिथल्या रेल्वेच्या सिग्नलांचं काहीतरी काम करायचा. सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा, आणि मी दिवसभर खिडकीत बसून समोरच्या घराचं मांजर बघायचे. ते मांजरही मला बघून कंटाळलं असावं. तेव्हा एक दिवस त्याने या फेरीला परस्पर माझं नाव घातलं. मी म्हटलं, मी गुत्त्यात जाऊ? तर म्हणाला, "आई, गुत्ते नाहीत गं ते. चारशे-पाचशे वर्षांच्या इमारती आहेत. ती बाई तिथे उभी राहून गावाचा इतिहास सांगते. तू सरबत पी." त्याला मला घराबाहेर काढायचं होतं. मी बाहेर पडले की त्याला बरं वाटायचं, तेवढ्यासाठी मी हो म्हटलं.

पण खरी गोष्ट वेगळीच होती, ती आधी सांगते.

हे गेले त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. सकाळी दाढी करता करता गेले. हृषी पोहोचला तो दहाव्याला. आला, सगळं नीट केलं, कागदपत्रं मार्गी लावली, आणि डोळ्यांतून टिपूस न काढता परत गेला. मी सांगलीच्या फ्लॅटमध्ये एकटी राहिले. सकाळी चहा टाकायचा तो दोघांचा, ही चाळीस वर्षांची सवय. एक कप माझा, बिनसाखरेचा. एक ह्यांचा, दोन चमचे साखरेचा, वर त्यांनी मला चोरून घेतलेला आणखी अर्धा. हे गेल्यावरही मी दोनच कप भरत राहिले. त्यांचा कप त्यांच्या खुर्चीसमोर ठेवायचा, माझा माझ्यासमोर, आणि पेपर वाचायचा. त्यात मला वावगं काही वाटलं नाही.

एका सकाळी हृषीचा कॉम्प्युटरवर फोन आला. बोलता बोलता त्याने विचारलं, "कोण आलंय?" मी म्हटलं, कोणी नाही. "मग तो दुसरा कप?" मी अगदी सहज म्हणाले, "ह्यांचा."

तो पुढे बराच वेळ बोललाच नाही. मला वाटलं लाईन गेली. मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, ट्रंक कॉल जोडले, लाईन गेली आणि माणूस गप्प झाला यातला फरक मला कळतो. पण त्या दिवशी मी कळून न कळल्यासारखं केलं. महिन्याभरात माझं विमानाचं तिकीट आलं.

यॉर्कला गेल्यावर त्याने मला एका मऊ आवाजाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आज वार कोणता, पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा करत जा, असलं विचारलं. मी दोन्ही देशांचे पंतप्रधान सांगितले. त्या म्हणाल्या, आई ठणठणीत आहेत. पण हृषीचं समाधान झालं नाही. सांगलीच्या फ्लॅटला त्याने गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. "तू आता इथेच राहा. त्या घरात एकटी राहून तुझं काय होतंय ते मला दिसतंय. रविवारी त्यांना कळवायचं आहे, तोवर विचार कर," असं तो म्हणाला. ही फेरी निघाली तो दिवस शुक्रवारचा.

मला परत जायचं होतं. पण छाती ठोकून तसं म्हणवत नव्हतं, कारण रात्री पडल्या पडल्या मला वाटायचं, पोरगं म्हणतंय ते खरं असलं तर? वेड लागलेल्या माणसाला कुठे कळतं आपल्याला वेड लागलंय ते? त्याच्या घरी मी सकाळी मुद्दाम एकच कप चहा करायचे, आणि तो कप मला घशाखाली उतरायचा नाही.

तर अशी मी त्या वेशीतून आत शिरले.

गाईडबाईंचं नाव हेलन. पूर्वी शाळेत शिकवायच्या, त्यामुळे आवाज खणखणीत आणि कोणी मागे राहिलं की लगेच लक्षात यायचं. त्यांनी आधी तटबंदी दाखवली. मग अंगाला घासून जाव्या लागतील अशा बोळांतून आम्हाला नदीकाठच्या पबमध्ये नेलं. तिथे दारामागच्या भिंतीवर रेघा मारलेल्या होत्या. नदीला पूर आला की पाणी थेट आत येतं, आणि कुठल्या साली किती चढलं त्याच्या त्या खुणा. वरची रेघ माझ्या कपाळाएवढी होती. पूर आला की पिंपं वर उचलायची, उतरला की फरशी धुवायची आणि पुन्हा दार उघडायचं, हा त्या जागेचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज, असं हेलनबाई सांगत होत्या.

आम्हा सांगलीकरांना पुराचं काय कौतुक सांगायचं. कृष्णामाई आमच्याकडेही येते, न सांगता येते आणि चिखल ठेवून जाते. दोन हजार पाच साली आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं होतं आणि ह्यांनी तिथे खिळ्याने रेघ ओढली होती. ती रेघ मला डोळ्यांसमोर दिसली. मी डावीकडे वळून म्हणाले, "अहो, हे बघा, आपल्यासारखंच."

शेजारी ऑस्ट्रेलियाचा एक लालबुंद गृहस्थ उभा होता. तो वाकून, माफ करा, काय म्हणालात, असं अदबीने विचारू लागला. मी काही नाही म्हणून मान हलवली. मग सगळे आपापल्या माणसाकडे वळून त्या रेघांबद्दल बोलत राहिले. मी हातातलं सरबत एका घोटात संपवलं. इतकं एकटं मला ह्यांच्या दहाव्यालाही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या पबमध्ये तुळया इतक्या खाली होत्या की माझ्याशिवाय सगळ्यांना वाकावं लागलं. तिथे हेलनबाईंनी एका दरोडेखोराची आणि त्याच्या फाशीची गोष्ट सांगितली. माझं लक्ष नव्हतं. रविवारी काय सांगायचं, हेच डोक्यात घोळत होतं.

तिसरा पब एका बोळाच्या टोकाला होता, आमच्या स्वयंपाकघराच्या दुप्पट असेल नसेल. आत शेकोटी, चार टेबलं, आणि खिडकीशी एक म्हातारा. ऐंशीच्या घरातला, टाय लावलेला, दाढी घोटलेली. त्याच्यासमोर त्याचा ग्लास, अर्धा झालेला. आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे दुसरा ग्लास, काठोकाठ भरलेला. वरचा फेस बसून गेला होता.

माझे पाय तिथेच थांबले.

हेलनबाईंनी आवाज उतरवला. म्हणाल्या, गावाचा सगळाच इतिहास राजा-सरदारांचा नसतो. ते खिडकीतले डेनिस, आणि ती खुर्ची वॉल्टरची. दोघं इथल्या चॉकलेटच्या कारखान्यात एकाच सरकत्या पट्ट्यावर कामाला होते. दुपारी तीनला पाळी सुटली की इथे यायचे, निवृत्त झाल्यावरही यायचे. सहा वर्षांपूर्वी वॉल्टर गेले. तेव्हापासून रोज तीन वाजता पबच्या मालकीणबाई दोन ग्लास भरतात. डेनिस आपला पितात आणि घरी जातात. वॉल्टरचा तसाच राहतो.

मंडळी हळहळली. त्या मायलेकींतल्या लेकीने तर डोळे पुसले. कोणीही त्या म्हाताऱ्याला वेडा म्हणालं नाही. कोणी त्याला पंतप्रधानाचं नाव विचारलं नाही. मला इतका धीर आला म्हणून सांगू. वाटलं, हृषीला आत्ता इथे उभं करावं आणि म्हणावं, बघ, ही तुझी विलायत, इथेही माणसं गेलेल्यांसाठी ठेवतात.

इतक्यात डेनिसनी आपला ग्लास संपवला आणि टोपी उचलली. मालकीणबाई आल्या. त्यांनी दोन्ही ग्लास उचलले, रिकामा आणि भरलेला, आणि काउंटरमागच्या मोरीकडे वळल्या. रोजचीच रीत असावी, त्यांनी भरलेला ग्लास तिरका केलासुद्धा.

"अहो, टाकू नका," मी म्हणाले.

मराठीतच म्हणाले, पण माझा आवाज ऐकून त्या थांबल्या. पुढचं मी कसं केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी काउंटरशी गेले. आमच्याकडे कोणाच्या नावाने पुढे ठेवलेलं मोरीत ओतत नाहीत, घरचं कोणीतरी ते घेतं. हे मला कोणी शिकवलेलं नाही, ते हातातच आहे. मी उजव्या हाताचा पसा पुढे केला, देवळात तीर्थाला करतात तसा. बाई गोंधळल्या. मीच दुसऱ्या हाताने त्यांच्या हातातला ग्लास कलता केला, तळहातावर पडली तेवढी बिअर तोंडात घेतली, आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

ती कडू, कोमट आणि अगदीच भिकार लागली. आयुष्यातला पहिला घोट, तोही सहा वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा.

शेकोटीतल्या लाकडाचा आवाज ऐकू येत होता. मी वर बघितलं तर डेनिस टोपी हातात घेऊन माझ्याकडे बघत होते.

"ते वॉल्टरचं होतं," ते म्हणाले.

मी काय करून बसले ते मला तेव्हा कळलं. हेलनबाई पुढे होऊन माझ्या वतीने माफी मागू लागल्या. पण चूक माझी, तर बोलायलाही मीच हवं. मी त्यांना थांबवलं आणि माझ्या एक्स्चेंजच्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की आमच्याकडे गेलेल्याच्या पुढे ठेवलेलं टाकत नाहीत. त्यांनी घेतलं असं मानायचं, आणि उरलेलं जवळच्या माणसाने घ्यायचं. त्यांच्यानंतर ते आपलं असतं.

"सहा वर्षांत त्याला कोणी हात लावला नाही," डेनिस म्हणाले.

"आणि सहा वर्षं तुम्ही ते मोरीत ओतलंत?" मी म्हणाले. माझी जीभ ही अशी. ह्यांना पुरेपूर ठाऊक होती.

डेनिस माझ्या कपाळाकडे, गळ्यातल्या बारीक साखळीकडे बघत राहिले. तिकडची म्हातारी माणसं ओळख नसतानाही 'लव्ह' म्हणून हाक मारतात, तशी मारून त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही कोणासाठी ठेवता, लव्ह?"

"माझ्या नवऱ्यासाठी. सकाळचा चहा."

"आणि मग तो कोण पितं?"

त्यांनी टोमणा म्हणून नव्हतं विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तो चहा कोणी पीत नव्हतं. दीड वर्ष, रोज सकाळी, पेपर वाचून झाला की मी ह्यांचा कप उचलायचे आणि मोरीत ओतायचे. नळ सोडून वर पाणी घालायचे, साय चिकटू नये म्हणून. दुसऱ्याला सांगायला निघाले होते मी.

"कोणी नाही," मी म्हणाले. "मीही ओतूनच टाकते."

ते ऐकून त्यांना राग येईल, निदान हसू तरी येईल, असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्यांनी टोपी टेबलावर ठेवली आणि समोरची वॉल्टरची खुर्ची माझ्यासाठी ओढली. मी बसू का नको म्हणून घुटमळले, तर त्यांनी मानेने बसा म्हटलं. मी बसले.

"तुम्ही का नाही पीत?" त्यांनी विचारलं.

मी आजवर स्वतःलाही न सांगितलेलं त्या परक्या माणसाला सांगितलं. मी तो कप प्यायले असते तर हे आता यायचे नाहीत, हे कबूल केल्यासारखं झालं असतं. ओतून टाकला की उद्याचा पुन्हा करता येतो. माझं इंग्रजी मध्येच संपलं, काही शब्द मराठीत गेले, पण त्यांना कळलं असावं. ते खिडकीबाहेर बघत मान हलवत राहिले.

मग त्यांनी मालकीणबाईंना खूण केली. त्या वॉल्टरचाच ग्लास घेऊन आल्या आणि तो दोघांच्या मध्ये ठेवला. डेनिसनी तो उचलला, क्षणभर धरून ठेवला, आणि प्यायले. घाई केली नाही, थांबलेही नाहीत. रिकामा ग्लास खाली ठेवून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"वॉल्टरची आवड पहिल्यापासून अशीच," ते म्हणाले. "कधीच धड बिअर मागवली नाही."

आणि ते हसले. मालकीणबाई काउंटरमागे जाऊन एप्रनने डोळे पुसत होत्या. हेलनबाईंनी नंतर वाटेत मला सांगितलं की वॉल्टर गेल्यापासून त्या खिडकीशी हसण्याचा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला.

संध्याकाळी हृषी घरी आला. जवळून जाता जाता थांबला. म्हणाला, "आई, तुझ्या केसांना बिअरचा वास येतोय."

मी सगळं सांगितलं. तीर्थासारखी बिअर घेतल्याचं ऐकून तो खुर्चीत मागे पडून हसला, अगदी ह्यांच्यासारखा, आवाज न करता. पण वॉल्टरच्या खुर्चीवर आलं तसं त्याचं हसू ओसरलं. मोरीचंही मी लपवलं नाही. तो उठून खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. गिऱ्हाईकाचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

आज या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. मी सांगलीतच आहे, त्याच फ्लॅटमध्ये, आणि सकाळी दोनच कप भरते. दुसरा कप खालच्या मजल्यावरच्या मोमीनभाभी पितात, त्या नसल्या तर पाण्याचा पंप बघायला आलेला माणूस पितो, जो कोणी त्या वेळी दारात येईल तो पितो. भाभी रोज कुरकुरतात की मालिनीताई, एवढी साखर कोण घालतं. मी म्हणते, हे. भाभी बरं म्हणून पितात. मोरीत गेला नाही त्यानंतर एकही कप. पण त्याची सुरुवात यॉर्कला झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी, तेवढं सांगून थांबते.

शनिवार होता, हृषीला सुट्टी होती. मी उठले आणि पातेल्यात दोन कपांचं आधण ठेवलं. त्याच्या घरी पहिल्यांदाच. एकात साखर नाही, एकात दोन चमचे आणि वर अर्धा. दोन्ही टेबलावर समोरासमोर ठेवले आणि बसले. हृषी डोळे चोळत आला आणि दारातच थबकला. दोन कप बघितले, मला बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर तीच भीती आली, जी कॉम्प्युटरवर आली असणार आणि मला दिसली नव्हती.

"बस," मी म्हणाले. "तुझा आहे."

हृषी चहा पीत नाही. लहानपणी आम्ही दिला नाही, मोठेपणी त्याला कॉफी लागली. तो बसला. कप दोन्ही हातांत धरून त्यात बघत राहिला. मग एक घोट घेतला.

"किती गोड आहे गं."

"त्यांना एवढाच लागायचा. मला न सांगता वर आणखी घालून घ्यायचे, मी बघितलं तर चमचा लपवायचे."

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"तुला कोण सांगणार. तू झोपलेला असायचास."

तो पुढे प्यायला. मध्येच त्याचे खांदे हलायला लागले, पण कप त्याने खाली ठेवला नाही. पोर दहाव्याला रडलं नव्हतं, ते माझ्यासमोर बसून बापाचा चहा पीत रडलं. मी उठून त्याला जवळ घेतलं नाही. म्हटलं, पिऊ दे. माझा चहा मी प्यायले, आणि तो घशाखाली उतरला.

तो संपवून त्याने शर्टाच्या बाहीला नाक पुसलं, सहावीत असताना पुसायचा तसं. म्हणाला, "त्या गिऱ्हाईकाला मी नाही म्हणून कळवतो." मी मान हलवली. मला वाटलं आता तो उठेल, कप विसळेल, आंघोळीला जाईल.

तो उठला नाही. रिकामा कप त्याने टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"आणखी आहे?" त्याने विचारलं.

पातेल्यात काही नव्हतं. मी उठून पुन्हा आधण ठेवलं, आणि साखरेचा डबा उघडला.